पापण्या फिकट, तळहात लाल

निपाणी पट्ट्यातल्या एका खेड्यातल्या बाई, वय ५२. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. मिश्री मात्र सकाळ-संध्याकाळ. मधुमेह ९ वर्षांपासून, गुडघेदुखी त्याच्या निम्म्या काळापासून. माझ्याकडे आल्या त्या गुडघ्यांसाठी. जाता जाता म्हणाल्या, "हल्ली लई दमायला हुतंय." तळहातांचा विषय त्यांनी काढला नव्हता. नाव-गाव इथं देत नाही, पण प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण अशा बायका चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही तालुक्यात भेटतील आणि त्यांच्या लिव्हरचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

दमायला होतं म्हटल्यावर रक्त कमी आहे का हे आधी बघितलं. खालची पापणी ओढली, आतली बाजू फिकट. जीभ फिकट. मग सवयीप्रमाणे तळहात बघितले. ॲनिमियात तेही फिकट दिसायला हवेत. यांचे लालबुंद होते.

हे जुळत नव्हतं. अंगात रक्त कमी आणि हात मात्र लाल. आपल्याकडे लाल तळहात म्हणजे अंगात रक्त भरपूर, तब्येत ठणठणीत असा समज आहे. त्यामुळे घरातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट कौतुकच होतं. त्यांना खिडकीपाशी बसवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात हा रंग नीट कळत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा लाल, करंगळीच्या बाजूची कड मनगटापर्यंत लाल, बोटांच्या टोकांच्या गाद्या लाल. तळहाताचा मधला खळगा मात्र नेहमीच्या रंगाचा. दोन्ही हात अगदी सारखे. उंचवट्यावर बोटानं दाबलं की तिथं पांढरं पडायचं, सोडलं की लगेच लाली भरून यायची. खाज नाही, आग नाही, सालपटं नाहीत, भेगा नाहीत. हात जरा उबदार लागले, एवढंच.

"तमाकूचं हात हाईत, मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन ट्यूबा लावून झाल्या, जात न्हाई."

तंबाखूचा आणि पानाचा परिणाम हातावर होतो, पण तो कुठं होतो ते बघायला हवं. विडी वळताना तेंदूच्या पानाशी आणि जर्द्याशी सतत संबंध येतो तो अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांचा. तिथं तपकिरी डाग पडतात, कातडी जाड होते, चिरते. यांच्या उजव्या हातावर तसे डाग होतेही. पण करंगळीखालची कड जर्द्यात बुडत नाही, आणि डाव्या-उजव्या हाताचं काम वेगळं असताना लाली दोन्हीकडे तंतोतंत सारखी पडण्याचं कारण नाही. शिवाय तंबाखूचा डाग दाबून पांढरा होत नाही. कातडीला एखादी वस्तू सोसत नसेल तर खाज येते, सालं निघतात. संकेश्वरी मिरचीचे देठ खुडायचा हंगाम असला की बायकांचे हात लाल होतात हेही मी दरवर्षी बघते, पण त्यात इतकी आग असते की माणूस ताकात हात बुडवून बसतो, आणि एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. यांची लाली वर्षभराहून जुनी होती.

ट्यूबांबद्दल एक सांगायला हवं. दोन्ही मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, दोन्हींत स्टेरॉइड. या लालीचा उगम कातडीत नसतो, त्यामुळे मलमानं ती जात नाही. कातडी मात्र पातळ होत जाते.

मग पुढचं बघायला सुरुवात केली. पदर बाजूला केल्यावर गळ्याखाली आणि खांद्यांवर ६ बारीक लाल ठिपके सापडले. प्रत्येकाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा बिंदू, त्यातून चहूकडे पसरलेल्या केसासारख्या शिरा. पेनाच्या टोकानं मधला बिंदू दाबला की सगळ्या शिरा पांढऱ्या, उचलला की मधूनच बाहेर रक्त भरत जायचं. याला स्पायडर नीव्हस म्हणतात. एखाद-दुसरा निरोगी माणसातही असतो. छातीच्या वरच्या भागात पाच-सहा असतील तर विचार करावा लागतो. नखं पांढरट, मुळाशी दिसणारा अर्धचंद्र गायब, टोकाला तेवढी तांबूस पट्टी. नखांचं हे लक्षण रिचर्ड टेरी यांनी १९५४ मध्ये सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर वणानं घट्ट होण्याच्या आजाराच्या, रुग्णांत नोंदवलं आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पोट तपासताना डाव्या बरगडीखाली प्लीहा दोन बोटं लागली. कावीळ नव्हती, पोटात पाणी नव्हतं, पायांवर सूज नव्हती. वजन ७४ किलो, उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय जवळजवळ ३३. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. बायकांत ८० च्या आत हवा.

तळहाताचा आणि लिव्हरचा संबंध काय, हे त्यांच्या मुलानंही विचारलं. शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक वापरून झालं की त्याची विल्हेवाट लिव्हर लावतं. पुरुषांच्या अंगातही ते थोडं असतंच. लिव्हर खराब झालं की रक्तातलं मोकळं इस्ट्रोजेन वाढतं आणि ते बारीक रक्तवाहिन्या सैल करतं. जोडीला नायट्रिक ऑक्साइडसारखे वाहिन्या रुंदावणारे पदार्थही वाढलेले असतात. तळहाताच्या कातडीत, विशेषतः त्या दोन उंचवट्यांत आणि बोटांच्या टोकांत, रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणारे बारीक मार्ग दाट असतात. ते उघडले की कातडीखालून जास्त रक्त वाहतं आणि तेवढाच भाग लाल दिसतो. छातीवरचे ठिपकेही त्याच कारणानं येतात. म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईचे तळहात लाल असण्यात विसंगती नाही. आहे ते रक्त तिथं जास्त धावतंय.

लाल तळहात म्हणजे लिव्हरचा आजार असं मात्र समीकरण मांडता येत नाही. सिरॉसिसच्या साधारण चौथाई रुग्णांतच हे लक्षण दिसतं. बाकीच्यांचे हात साधे असतात. उलट लिव्हर उत्तम असूनही तळहात लाल असणारी माणसं खूप. आमवातात हे बरंच आढळतं, थायरॉइड वाढलेल्यांत आढळतं, काही मधुमेहींत आढळतं. काही घराण्यांत जन्मतःच असतं आणि त्यानं काही बिघडत नाही. बाईंच्या हाताच्या बोटांचे सांधे साफ होते, थायरॉइडचा रिपोर्ट व्यवस्थित आला. मधुमेह होता, पण नुसत्या मधुमेहानं प्लीहा वाढत नाही. एकटं लक्षण फारसं बोलत नाही. फिकट पापण्या, लाल तळहात, छातीवरचे ठिपके आणि वाढलेली प्लीहा एकत्र आल्यावर शंकेला जागा उरत नाही.

इथं त्यांच्या सुनेचं सांगते. दुसऱ्या खेपेला सून सोबत आली, सातवा महिना. मी सासूबाईंचे तळहात मुलाला दाखवत होते तेव्हा ती गप्प झाली आणि थोड्या वेळानं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, माझे पण असेच आहेत." खरंच होते. तेच उंचवटे लाल, मध्य मोकळा, दाबल्यावर पांढरा. गरोदरपणात इस्ट्रोजेन कैक पटीनं वाढतं, त्यामुळे किमान तीनातल्या एका बाईला हे होतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप जातं. तिला घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त एक विचारलं: तळहात-तळपायांना खाज सुटते का, रात्री वाढते का? पुरळ नसताना अशी खाज शेवटच्या तीन महिन्यांत सुटली तर ती उष्णता म्हणून सोडायची नसते. लिव्हरमधून पित्त वाहण्यात अडथळा येण्याचा एक आजार फक्त गरोदरपणात होतो. त्यात आईला खाजेचा त्रास होतो, पण धोका पोटातल्या बाळाला असतो. रक्तातले पित्ताम्ल आणि लिव्हरच्या तपासण्या करून तो ओळखता येतो. सुनेला खाज नव्हती, रक्तदाब व्यवस्थित होता, रिपोर्टही चांगले आले.

सासूबाईंचे रिपोर्ट असे. हिमोग्लोबिन ९.८, लोह आणि बी-१२ पुरेसं. प्लेटलेट ९६,०००. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १.६, अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते प्रथिन) ३.२, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) १.३. लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ५८, एसजीपीटी ४१. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं लिव्हरवर हल्ला होण्याच्या आजाराच्या चाचण्या निगेटिव्ह.

एसजीपीटी ४१. हा आकडा लॅबनं ठळकसुद्धा केला नव्हता. मागच्या तीन वर्षांत मधुमेहाच्या तपासणीसोबत तो दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा "लिव्हर नॉर्मल" असं त्यांना सांगितलं गेलं होतं. लिव्हरच्या पेशी फुटत असतात तेव्हा एसजीपीटी वाढतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर बरंचसं वण होऊन बसलेलं असतं, फुटायला पेशीच कमी उरतात. त्यामुळे ते नॉर्मल असणं हा लिव्हर चांगलं असल्याचा पुरावा नाही.

त्याच फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा पावसाळ्यातल्या तापाचा कागद होता. प्लेटलेट १,१०,०००. डेंग्यू समजून उपचार झाले, ताप उतरला, विषय संपला. डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत परत चढतात. त्या चढल्या की नाही हे नंतर कुणी बघितलं नव्हतं. लिव्हर वणानं घट्ट झालं की आतड्याकडून येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, रक्त प्लीहेत तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथंच अडकून राहतात. ताप उतरल्यावर महिन्याभरानं एक साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केला असता तर आजार दोन वर्षं आधी हाती लागला असता. आमच्या भागात दर पावसाळ्यात प्लेटलेटच्या आकड्यावरून गावंच्या गावं घाबरी होतात. ताप गेल्यावर तोच आकडा परत बघायचं मात्र राहून जातं. हे मला मनापासून खटकतं.

तिसरा कागद एचबीए१सीचा, ६.२. "साखर ताब्यात" म्हणून त्या खूश होत्या. उपाशीपोटी साखर मात्र १६८ आणि जेवणानंतर २५१. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीवर तीन महिन्यांत चढलेली साखर. फुगलेली प्लीहा लाल पेशी वेळेआधीच मोडून टाकत असेल तर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. प्लीहा वाढलेल्या मधुमेहीची साखर या एका चाचणीवर जोखू नये.

यानंतर एक हिशेब केला, जो कुठल्याही दवाखान्यात फुकट होतो. त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीनं गुणायचं. मग प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. बाईंचा आला ४.९. १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये मोठा वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर दाट. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात. अंगात ताप असताना मात्र हा हिशेब करायचा नाही, प्लेटलेट तेव्हा भलत्याच कारणानं उतरलेल्या असतात.

सोनोग्राफीत लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत आणि प्लीहा १५ सेंटिमीटर. बेळगावला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथं फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, २८ किलोपास्कल आला. निरोगी लिव्हरचा ७ च्या आत असतो. दुर्बिणीनं बघितल्यावर अन्ननलिकेत मध्यम आकाराच्या फुगलेल्या शिरा. निदान झालं: चरबीमुळे झालेला लिव्हर सिरॉसिस, अजून तोल सांभाळून असलेला. सिरॉसिस किती पुढं गेलाय हे ठरवणाऱ्या चाइल्ड-प्यू मोजणीत ६ गुण, म्हणजे ए, सगळ्यात सौम्य गट.

निदानापेक्षा अवघड गेला तो पुढचा भाग. रिपोर्टवर "सिरॉसिस" हा शब्द दिसला आणि बाईंनी तो कागद पिशवीच्या तळाशी घातला. "लिव्हर म्हंजे दारवा पिणाऱ्यांचं. लोक काय म्हंतील मला?" दीर आधीच म्हणाला होता, बाईमाणसाला लिव्हर कसं होईल. मुलानं भावकीत "पोटाचा विकार" असं सांगून ठेवलं होतं. मी केसपेपरवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: "या आजाराचा दारूशी संबंध नाही. मधुमेह आणि लिव्हरमधल्या चरबीमुळे झालेला." तो कागद घरी फिरला असं नंतर कळलं. या आजाराला पूर्वी वैद्यकातही "दारूशिवायचं फॅटी लिव्हर" म्हणत. २०२३ मध्ये नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलं गेलं. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०२१ मध्येच या आजाराला मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. गावात मात्र लिव्हर म्हटलं की अजून हातभट्टीच आठवते.

दुसरा गैरसमज डॉक्टरांचाही असतो: राबणाऱ्या बाईला कसलं फॅटी लिव्हर. विडीकाम कष्टाचं आहे यात शंका नाही. पाठ, मान, डोळे, बोटं, सगळं झिजतं. पण हे कष्ट बसून करायचे आहेत. सकाळचा स्वयंपाक उरकला की सूप मांडीवर घेऊन बसायचं ते हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत. मोबदला विड्या मोजून मिळतो, त्यामुळे उठणं म्हणजे नुकसान. भूक मारायला चहा, दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येकात दोन चमचे. मधुमेह कळल्यावर साखर बंद केली आणि गूळ सुरू केला, कारण आपल्या उसाच्या मुलखात गूळ औषधी मानतात. लिव्हरला दोन्ही सारखेच.

उपचार तज्ज्ञांनी ठरवले, पाठपुरावा माझ्याकडे आहे. फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून कार्व्हेडिलॉल ६.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १२.५ पर्यंत नेलं, रक्तदाब बघत. मेटफॉर्मिन चालू ठेवलं, कारण किडनी चांगली आहे. हिपॅटायटिस बीची लस दिली. गूळ, साखर, बाहेरची थंड पेयं बंद. मीठ बेताचं, लोणचं आणि खारातली मिरची सुटायला वेळ लागला. मिश्री सोडण्याचा प्रयत्न चालू आहे, संध्याकाळची सुटली आहे.

गुडघ्यासाठी त्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या खात होत्या, अधूनमधून इंजेक्शनही. ते पूर्ण बंद केलं. सिरॉसिसमध्ये या गोळ्या किडनी बसवतात आणि पोटातून रक्तस्राव घडवतात. गंमत अशी की लिव्हर खराब म्हटल्यावर लोक पॅरासिटामॉलला घाबरतात आणि डायक्लोफिनॅक निर्धास्त खातात. दारू न पिणाऱ्या सिरॉसिसच्या रुग्णाला दिवसाला २ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं. त्याच्या आतच त्यांचं भागतं.

उपासांवरून बरंच बोलणं झालं. मंगळवार-शुक्रवार यल्लम्माचे, शिवाय एकादशी. निरोगी लिव्हर रात्रभरासाठी साखर साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये हा साठा तुटपुंजा असतो, एका रात्रीच्या उपाशीपोटीच शरीर स्नायू मोडून खायला लागतं. वजन कमी करायचं आहे पण स्नायू गमवायचे नाहीत, ही यातली कसरत. म्हणून प्रथिनं वाढवायची, झोपण्याआधी थोडं खायचं आणि दिवसभर उपाशी राहायचं नाही. "आईचा कोप हुईल," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंच्या सासूबाईंनी, वय ऐंशीच्या पुढं, निकाल दिला: औषधासारखं खाल्लेलं अन्न उपासाला मोडत नाही. माझ्या तासभराच्या समजावण्यानं जे झालं नसतं ते तिथं एका वाक्यात झालं. आता रोज रात्री झोपताना वाटीभर दही किंवा मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध. दुपारी विड्यांच्या मधे दोनदा उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं, हे शेजारणींनीही उचललं आहे.

आठ महिन्यांत वजन ७४ वरून ६९ वर आलं. उपाशीपोटी साखर १२० च्या आसपास. अल्ब्युमिन ३.५. प्लेटलेट तेवढ्याच आहेत, त्या चढतील अशी आशा कुणी दाखवलेली नाही. तळहात अजून लाल आहेत. "हात कवा हुणार चांगलं?" असं त्या दर खेपेला विचारतात आणि मी दर खेपेला सांगते की हातांना औषध नाही, आतल्या लिव्हरला आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरचा सुगावा देणारी) रक्ततपासणी करायची आहे, कारण सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होऊ शकतो आणि तो लहान असताना सापडला तर उपाय असतो. पहिली सोनोग्राफी साफ आली. या तपासण्यांचा खर्च अंगावर पडतो; सरकारी योजनांचा भर दाखल झालेल्या रुग्णावर असतो, अशा पाठपुराव्यावर नाही. मुलगा विड्यांच्या पैशातून महिन्याला थोडे बाजूला ठेवतो.

घरातल्या एकाला असा सिरॉसिस झाला की रक्ताच्या नात्यातल्या इतरांना धोका जास्त असतो, म्हणून भावंडांना बोलावून घेतलं. भावाचे रिपोर्ट चांगले आले. धाकटी बहीण ४७ वर्षांची, हुक्केरी तालुक्यात दिलेली, तिलाही मधुमेह. एसजीओटी ३८, एसजीपीटी ४६, प्लेटलेट १,९०,०००. फिब-४ आला १.३९, म्हणजे ना इकडे ना तिकडे. तिचे तळहात अगदी साधे आहेत, छातीवर एकही ठिपका नाही. तरी तिला फायब्रोस्कॅनसाठी बेळगावला पाठवलं आहे, आणि सोबत थोरली बहीण जाणार आहे.